शहरात मुक्काम: शांत गल्ली बरी की जागता रस्ता?

 

एका गटाच्या ताईंनी आपल्या कार्यक्रमाला प्रश्न पाठवलाय. त्यांच्या गटातल्या पाचजणींना दोन दिवस मुंबईला जायचंय. एकीच्या नातवाला परळच्या दवाखान्यात दाखवायचंय. बाकीच्यांना मसाल्यासाठी पिशव्या आणि डबे घाऊक भावात बघायचेत. जमलं तर सिद्धिविनायकाचं दर्शन आणि समुद्र. ताई विचारतात, "राहायचं कुठं? घरचे म्हणतात, बायकाच जाताय, तर गर्दीपासून लांब, शांत ठिकाणी खोली घ्या. नाहीतर जाऊच नका."

हा प्रश्न फक्त खोलीचा नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. राहायची सोय पटली नाही तर घरून निघणंच रद्द होतं. मग नातवाची तपासणी पुढं ढकलली जाते, नाहीतर कुणातरी पुरुष माणसाची दोन दिवसांची मजुरी बुडवून त्याला सोबत न्यावं लागतं. म्हणून आज नीट समजून घेऊ या, की परक्या शहरात मुक्कामाला कोणता भाग निवडायचा आणि तो कसा ओळखायचा.

शांत म्हणजे सुरक्षित का?

आपल्या गावाचंच उदाहरण घ्या. रात्री आठ वाजता तुम्हाला एकटीला जायचं असेल तर तुम्ही कोणत्या वाटेनं जाता? पाणंदीनं जवळ पडतं, आणि तिथं शांतही असतं. तरी तुम्ही वेशीतून, पारावरून, किराणा दुकानाच्या समोरून जाता. पारावर म्हातारी माणसं बसलेली असतात. ओट्यावर कुणी लसूण सोलत असते. दुकानदार मोजमाप करता करता रस्त्याकडं बघतो. कुणी मुद्दाम पहारा देत नाही, पण सगळ्यांची नजर असते. ओरडलात तर चार माणसं धावून येतील, हा भरवसा तिथं असतो.

शहरातही हेच चालतं. जेन जेकब्स नावाच्या एका अमेरिकन लेखिकेनं १९६१ साली शहरांवर एक पुस्तक लिहिलं. ती इंजिनिअर नव्हती, वास्तुरचनाकारही नव्हती. पत्रकार होती, लेकुरवाळी होती आणि न्यूयॉर्कच्या एका जुन्या, दाटीच्या वस्तीत राहत होती. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की रस्ता सुरक्षित ठेवण्याचं काम पोलीस एकटे करू शकत नाहीत. ते काम रस्त्यावर ज्यांचे डोळे आहेत ती माणसं करतात: दुकानदार, खिडकीत बसलेली आजी, शाळेतून येणारी पोरं, कामावरून परतणाऱ्या बाया. आणि ही माणसं दिवसभर, निरनिराळ्या वेळी रस्त्यावर असावीत असं वाटत असेल, तर त्या भागात घरंही हवीत, दुकानंही हवीत, कामाच्या जागा आणि करमणुकीच्या जागाही हव्यात. नुसती ऑफिसं असतील तर संध्याकाळी सहानंतर रस्ता ओस. नुसते बंगले असतील तर दिवसभर चिटपाखरू नाही.

म्हणजे आपल्याला शांत भाग नको आहे. जागता भाग हवा आहे. खोली शांत असली की झालं, रस्ता नव्हे.

गर्दी गर्दीत फरक

पण कुठलीही गर्दी चांगली, असंही नाही. गर्दी बघताना दोन गोष्टी बघायच्या. ती किती वाजेपर्यंत टिकते, आणि त्या गर्दीत कोण आहे.

मुंबईतलीच उदाहरणं घेऊ. बांद्रा-कुर्ला संकुल, ज्याला सगळे बीकेसी म्हणतात, तिथं काचेच्या मोठमोठ्या इमारती आहेत. रस्ते रुंद आहेत, दिवे झकपक आहेत. आपल्या गटांचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन गेली काही वर्षं तिथल्याच एमएमआरडीए मैदानावर भरत आलंय, त्यामुळं काहीजणींनी ते पाहिलं असेल. पण तो भाग मुख्यतः ऑफिसांचा. कचेऱ्या सुटल्या की कोपऱ्यावर किराणा दुकान सापडणार नाही, पायी चालणारं माणूस कमी. दिसायला देखणा, पण आपल्या मुक्कामाला अवघड, आणि तिथली हॉटेलं आपल्या खिशाबाहेरची.

दुसरं उदाहरण मशीद बंदर आणि क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासचा भाग. क्रॉफर्ड मार्केट म्हणजे आताची महात्मा जोतिबा फुले मंडई. घाऊक माल इथं. मशीद बंदरच्या मिरची गल्लीत मसाला, तर अब्दुल रेहमान स्ट्रीटकडं कागद, पिशव्या, स्टेशनरी. दुपारी इथं पाय ठेवायला जागा नसते. पण ही गर्दी बाजाराची. घाऊक बाजार बंद झाला की शटरं पडतात, हातगाड्या जातात आणि काही गल्ल्या एकदम रिकाम्या होतात. रविवारी तर बरीच दुकानं बंदच. तेव्हा खरेदीला जरूर जा, पण शक्यतो कामाच्या दिवशी, आणि मुक्काम दुसरीकडं.

तिसरं उदाहरण लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या टर्मिनसबाहेरचा भाग. तिथं रात्री बारालाही माणसं असतात. पण ती सगळी तुमच्या-आमच्यासारखी बॅगा घेतलेली प्रवासी. कुणीच तिथलं नसतं, कुणी कुणाला ओळखत नाही. वस्तीची गर्दी आणि प्रवाशांची गर्दी यातला हा फरक लक्षात ठेवा.

दादरचं उदाहरण

आता असा भाग बघू, जो पहाटेपासून रात्रीपर्यंत जागा असतो. परळच्या दवाखान्यासाठी जाणाऱ्या आपल्या पाचजणींना मी दादर सुचवेन. का, ते वेळेनुसार सांगते.

रात्रीची गाडी पकडून गावाकडच्या बाया बहुतेक पहाटे उतरतात. पहाटेची चार-साडेचारची वेळ सगळ्यात धास्तीची. पण दादर पश्चिमेला स्टेशनला लागूनच फुलबाजार आहे, आणि तो याच वेळेला भरात असतो. झेंडू, शेवंती, मोगऱ्याचे ढीग, टोपल्या घेऊन आलेल्या वसई-विरारकडच्या बाया, हार करणारे, चहावाले. जवळच भाजीचा घाऊक बाजार. म्हणजे शहर झोपलेलं असताना इथं कष्टकरी बाया कामावर असतात.

सकाळी शाळा-कॉलेजं आणि ऑफिसची गर्दी. दुपारी रानडे रोडला साड्या, भांडी, घरसामान घेणाऱ्या बाया. संध्याकाळी शिवाजी पार्कला चला. मैदानाभोवतीच्या कट्ट्यावर आज्या, आजोबा, मुलं, क्रिकेट खेळून दमलेली पोरं बसलेली असतात. बायका एकट्या, दुकट्या मैदानाला फेऱ्या मारतात. रात्री शिवाजी मंदिरात नाटक असेल तर प्रयोग सुटल्यावर शेदोनशे माणसं, त्यात बऱ्याच बायका, गप्पा मारत स्टेशनकडं चालत जातात. आणि या सगळ्याच्या मधोमध जुन्या इमारतींमध्ये कुटुंबं राहतात. जेकब्सबाईंनी सांगितलेलं सगळं इथं आहे: घरं, दुकानं, शाळा, बाजार, नाट्यगृह, सगळं एकमेकांत मिसळलेलं.

दुसरं कारण येण्याजाण्याचं. दादरला मध्य आणि पश्चिम रेल्वे, दोन्ही भेटतात. धीम्या आणि जलद, दोन्ही लोकल थांबतात. गावाकडून येणाऱ्या लांबच्या बऱ्याच गाड्याही थांबतात. पूर्वी इथं दोन्ही रेल्वेंचे एक नंबरचे फलाट वेगवेगळे होते आणि नवीन माणसाची पार भंबेरी उडायची. डिसेंबर २०२३ पासून नंबर सलग केलेत. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४. परळ हे मध्य रेल्वेवर दादरच्या पुढचंच स्टेशन. टाटा, केईएम आणि मुलांचं वाडिया ही तिन्ही रुग्णालयं परळलाच. सिद्धिविनायक दादरहून साधारण दोन किलोमीटर. २०२५ मध्ये दादरला भुयारी मेट्रोही सुरू झाली. तिनं दादरहून सिद्धिविनायक, गिरगाव, सीएसएमटी आणि दुसऱ्या बाजूला बीकेसीलाही जाता येतं.

तिसरं कारण खाण्याचं. पोळी-भाजी, थालीपीठ, साबुदाणा खिचडी, मिसळ, वडापाव, सगळं चार पावलांवर मिळतं. वडापावची सुरुवातच १९६० च्या दशकात दादर स्टेशनबाहेर झाली असं सांगतात. आणि दादरला मराठी बोलून निभावतं, हीही काही छोटी गोष्ट नाही.

दादरच घ्या, असा माझा हट्ट नाही. गिरगावही असंच आहे: जुन्या चाळी, वाड्या, देवळं, खाणावळी, चर्नी रोड स्टेशन आणि चालत गेलं की चौपाटी. पुण्याला, नागपूरला, नाशिकला गेलात तरी तपासायची रीत हीच.

जागत्या भागाची दुसरी बाजू

जिथं वर्दळ, तिथं त्रासही असतो. आवाज असतो. म्हणून खोली घेताना रस्त्याच्या बाजूची नको, आतल्या बाजूची द्या, असं सांगा. इमारतीचं दार मात्र मोठ्या रस्त्यावर किंवा दुकानांच्या ओळीत असावं. गर्दीत पाकीटमार असतात, तेव्हा पैसे दोन-तीनजणींकडं वाटून ठेवा, आणि थोडे परकरच्या खिशात.

तारखाही बघा. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीला देशभरातून लाखो माणसं अभिवादनाला येतात. ज्यांना त्यासाठीच जायचंय त्यांची गोष्ट वेगळी. पण दवाखान्याचं काम असेल तर ते दिवस सोडून तारीख घ्या, खोली मिळणार नाही. गणपती आणि दसरा-दिवाळीच्या आधी फुलबाजार आणि रानडे रोडला चालायलाही जागा नसते. सोबत लहान मूल असेल तर ते दिवस टाळलेलेच बरे.

घरी बसून कसं तपासायचं?

आता कामाची गोष्ट. जायच्या आठवडाभर आधी गटातल्या एखादीच्या लेकीला मोबाईलवर नकाशा उघडायला सांगा. लॉजचं नाव टाकलं की आजूबाजूचं दिसतं. तिथं मोजा: शंभर-दोनशे पावलांत औषधाचं दुकान आहे का? खाणावळ, किराणा, दवाखाना, शाळा, देऊळ आहे का? दुकानांपुढं बंद व्हायची वेळ लिहिलेली असते. रात्री दहापर्यंत उघडी असणारी दोन-चार दुकानं असतील तर रस्ता जागा आहे असं समजा. रस्त्याचे फोटोही दिसतात. फोटोत बायका दिसतात का ते बघा.

मग लॉजला फोन करा. लाजायचं नाही, पैसे आपण देणार आहोत. हे प्रश्न विचारा:

एक, स्टेशनपासून चालत किती मिनिटं, आणि रस्त्यात खूण काय?
दोन, फक्त बायकांच्या गटाला खोली देता का? काही ठिकाणी दारात गेल्यावर काचकूच करतात, म्हणून आधीच विचारायचं आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवायचं.
तीन, एका खोलीत कितीजणी, आणि जादा गादीचे वेगळे पैसे आहेत का?
चार, संडास-बाथरूम खोलीतच आहे की सामाईक? दाराला आतून कडी आहे का?
पाच, चोवीस तासांचा हिशोब आहे की दुपारी बाराला खोली सोडायची? पहाटे आलो तर खोली मिळेल का?
सहा, कर धरून एकूण किती?

उत्तरं देताना माणूस कसा बोलतो, यावरूनही बरंच कळतं. मूळ आधार कार्ड प्रत्येकीकडं हवं. पहिल्यांदा एकाच रात्रीचे पैसे भरा. जागा पटली तर दुसऱ्या रात्रीचं बघू.

दवाखान्यासाठी जाणाऱ्यांनी लॉजच्या आधी धर्मशाळेची चौकशी करावी. टाटा रुग्णालयात समाजसेवा विभाग आहे, केईएमसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयांतही समाजसेवक असतात. बाहेरगावच्या रुग्णांना कुठं राहता येईल ते ती माणसं सांगतात, लागली तर चिठ्ठी देतात. दादर पूर्वेला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे. दोन्ही ठिकाणी रुग्ण आणि त्यांच्या माणसांची सोय होते. जागा कायम भरलेल्या असतात, म्हणून रुग्णाचे कागद जवळ ठेवा आणि पहिल्या दिवसासाठी दुसरी सोयही हाताशी असू द्या.

स्वस्त खोली महाग कशी पडते?

आता हिशोब करू. समजा, जागत्या भागात पाचजणींची खोली १८०० रुपयांना मिळते, आणि लांब, आडबाजूला तशीच १२०० ला. सहाशे रुपये वाचले असं वाटतं. पण मुंबईत माहीम आणि शीवच्या पुढं दक्षिणेकडं रिक्षा चालत नाहीत, फक्त टॅक्सी. टॅक्सीत चौघीच बसतात, म्हणजे पाचजणींना दोन टॅक्सी. समजा एका टॅक्सीचे १५० रुपये झाले. जायचे ३००, यायचे ३००. वाचवलेले सहाशे तिथंच गेले. शिवाय अंधार पडायच्या आत परत फिरा, ही टांगती तलवार. मग समुद्र राहिला, नाटक राहिलं, निवांत चहासुद्धा राहिला. जवळ राहिलं तर लोकलचं कमीत कमी तिकीट पाच रुपये आहे आणि बेस्ट बसचं दहा. पैसा आपण खोलीवर नाही, आपल्या मोकळ्या वेळेवर खर्च करतो, असं धरा.

एसटीनं जाणार असाल तर मार्च २०२३ पासून महिलांना राज्यात अर्धं तिकीट आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. ती बचत खोलीला लावा.

पोचल्यावर काय बघायचं?

शक्यतो उजेडी पोचा. सामान ठेवलं की लगेच झोपू नका. पाचहीजणी मिळून स्टेशन ते लॉज रस्ता एकदा चालून या. खुणा ठरवा: हे देऊळ, हे मेडिकल, ही चहाची टपरी. मेडिकलवाल्याकडून एखादी डोकेदुखीची गोळी घ्या आणि दोन शब्द बोला. एवढ्यानं तुम्ही त्याच्या ओळखीच्या होता.

संध्याकाळी सात-आठला परत बाहेर पडा आणि नीट बघा. बाया एकट्या भाजी घेताना दिसतात का? मुलं खेळतायत का? म्हातारी माणसं बाहेर बसलीत का? दिवे लागलेत का? दिसत असतील तर निर्धास्त राहा. रस्त्यावर नुसते पुरुषांचे घोळके दिसले, दुकानांची शटरं खाली दिसली, तर दुसऱ्या दिवशी जागा बदला. भाड्याचा विचार करून मन मारत राहायचं नाही.

आणखी एक खूण म्हणजे बायकांची मुतारी. हसू नका. बाया घराबाहेर किती वेळ राहू शकतात हे त्यावरच ठरतं. मुंबईत २०११ साली 'राईट टू पी' नावाची चळवळ याच मागणीसाठी उभी राहिली, की बायकांना रस्त्यावर स्वच्छ आणि फुकट मुतारी मिळावी. ज्या भागात ती सोय धड आहे, तिथं बायांचं येणंजाणं आहे असं समजा. पाणी कमी पिऊन दिवस काढणं हा उपाय नव्हे, त्यानं आजार होतात.

लोकलमध्ये बायकांच्या डब्यात बसा. काही डबे दिवसभर बायकांचे असतात, काही ठराविक वेळेपुरते, ते डब्यावर लिहिलेलं असतं. रात्री उशिरा डबा रिकामा वाटला तर ज्या डब्यात पोलीस आहे तिथं बसा. नंबर पाठ करा: पोलिसांसाठी ११२, महिला मदतीसाठी १८१, रेल्वेसाठी १३९. हे नंबर मोबाईलमध्येही ठेवा आणि चिठ्ठीवर लिहून ब्लाउजमध्येही. बॅटरी संपते, चिठ्ठी संपत नाही.

घरच्यांना काय सांगायचं?

आता पुन्हा त्या ताईंच्या प्रश्नाकडं येते. घरच्यांची काळजी खोटी नाही. पण काळजीचं उत्तर लपून राहणं हे नाही. "आम्ही गर्दीच्या ठिकाणी राहतोय" एवढंच सांगितलंत तर ते घाबरतील. त्याऐवजी असं सांगा: "स्टेशनपासून सात मिनिटांवर, मोठ्या रस्त्यावर, औषधाच्या दुकानाच्या वर खोली आहे. खाली रात्री दहापर्यंत दुकानं उघडी असतात. लॉजचा नंबर हा, दवाखाना एका स्टेशनवर, रोज रात्री नऊला फोन करू." माणसाला नेमकी माहिती मिळाली की निम्मी धास्ती जाते. नकाशा त्यांनाही दाखवा.

पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की अर्धा तास काढा. एक शहर ठरवा, एका लॉजचा नकाशा उघडा आणि सगळ्याजणी मिळून तपासा. एकीनं फोन लावायचा, बाकीच्यांनी ऐकायचं. ज्या ताईला फोनवर बोलायला भीती वाटते, तिलाच फोन लावू द्या. मिळालेली माहिती गटाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवा: जागेचं नाव, भाडं, कोण बोललं, काय पटलं, काय नाही. पुढच्या खेपेला दुसरी कुणी निघेल, तेव्हा तिला पहिल्यापासून शोधावं लागणार नाही. शेजारच्या गावच्या गटालाही ते पान दाखवा.

त्या पाचजणींना प्रवासाच्या शुभेच्छा, आणि नातवाला लवकर बरं वाटो. परत आलात की आपल्या कार्यक्रमात फोन करून सांगा, जागा कशी निघाली ते. नमस्कार.